शोभनाला दिलेली खुर्ची

तालमीच्या खोलीत शोभनाची सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. तिच्या जागी टेबल-खुर्ची, आणि टेबलावर तिची पेटी. आपल्याला काढायची तयारी चाललीय, दुसरं काय!

हॅम्बर्गमध्ये येऊन तिला आठ वर्षं झाली होती. नागेश विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि ती नागेशची बायको, एवढीच तिची ओळख. सांगलीत ती पेटी शिकवायची. इथे पेटी कपाटावर जाऊन बसली. २००६च्या गणपतीत मंडळात तिने भजनांना साथ केली, ती डोमिंगास नावाच्या अंगोलाच्या बाईंनी ऐकली. बाई न्झिंगा राणीवर संगीत नाटक बसवत होत्या. पोर्तुगीजांशी झुंजलेली राणी, आणि गुलाम म्हणून जहाजांत कोंबून ब्राझीलला नेलेली तिची माणसं. जहाजाच्या प्रसंगाला त्यांना पेटी हवी होती. आठ वर्षांत शोभनाला तिच्यासाठी म्हणून कुणी पहिल्यांदाच बोलावलं होतं.

"अहो, मला खुर्ची दिली," ती घरी येऊन म्हणाली.

"मग? बढतीच की," नागेश हसला.

"थट्टा सुचतेय. लग्नात खुर्ची कुणाला देतात? गुडघे गेलेल्यांना! आणि बाई वादकांतल्या त्या चेलोवाल्याशी कुजबुजत होत्या. मी आले तशा गप्प."

"आल्झो," नागेशच्या तोंडी जर्मन 'तर मग' आलं, "विचार ना सरळ."

"विचारलं की म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस."

पुढच्या तालमीला ती मुकाट खुर्चीवर बसली. भाता मारताना टेबल डुगडुगलं, सूर फाटला. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. शोभनाने त्या बरोबर टिपल्या.

मग दरबाराचा प्रसंग सुरू झाला. पोर्तुगीज सुभेदार खुर्चीत ऐसपैस. राणीसाठी मात्र जमिनीवर नुसती चटई. राणीने दासीला ओणवं केलं आणि तिच्या पाठीवर, सुभेदाराच्या बरोबरीने बसून बोलणी सुरू केली.

प्रसंग संपताच शोभना उठली. "मला काढायचं असेल तर आजच सांगा."

"काढायचं?" डोमिंगासबाई चकित झाल्या. "अगं, मी तुला जमिनीवरून उठवलं! गोरे वादक खुर्च्यांवर आणि त्यांच्या पायाशी तू? याच नाटकात?"

हे शोभनाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मला कुणी खाली बसवलं नव्हतं. वाद्यापुढे आम्ही चपला काढून मांडी घालूनच बसतो. मोठमोठे गवईसुद्धा."

"जमिनीवर?"

"तख्तावर. ऐकणारे खाली."

बाईंनी डोळे बारीक केले. "म्हणजे तू सगळ्यांच्या वर? राणीच्याही?"

आता संशयाची पाळी त्यांची होती. शोभनाने हाताने उंची दाखवली. "राणीच्या गुडघ्याइतकं पुरे."

"दाखव."

भिंतीजवळ रंगमंचाचे दोन लाकडी चौथरे पडले होते. शोभनाने ते स्वतःच ओढत आणले, त्यांच्यावर सतरंजी पसरली, बूट काढले आणि पेटी मांडीसमोर घेतली. बाई हाताची घडी घालून पार मागे जाऊन उभ्या राहिल्या. चेहरा तसाच, पटलं नसल्यासारखा.

तिने भाता उघडला. जहाजाचा लांब, जड सूर खोलीभर पसरला. या वेळी तो फाटला नाही. शोभनाने मागे वळून पाहिलं नाही, पण कान तिकडेच होते.

"गेनाऊ! अगदी बरोबर," मागून बाईंचा आवाज आला. "ते टेबल घेऊन जा रे कुणीतरी."