अंबूबाईची हमी आणि रविनाच्या कमरेचा फोटो

शहापुरातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या संगीताबाईंचं कुणाशी पटत नाही. मशीनशीही पटत नसावं. त्यांना पाहिलं की तेही गुरगुरतं. बाई गळसरी उतरवायला लावतात, देवाचा ताईतसुद्धा काढून ठेवायला सांगतात. आणि कुणी लेकुरवाळ्या वयाची आली की सोबतच्यांना बाहेर घालवून विचारणार, "पाळी कधी आली होती?" पोटात जीव असला तर त्या किरणांनी त्याला इजा व्हायची, म्हणून. लोकांना वाटतं, बाईला नसत्या चौकशांची खोड! तिच्या नावानं कसाऱ्यापर्यंत बोटं मोडतात. थोडी आम्हीही मोडतो, खोटं कशाला बोला.

परवा किन्हवलीची अंबूबाई सुनेला घेऊन आली. सून रविना गोठ्यात घसरून कमरेवर आपटलेली. डॉक्टरांनी कमरेचा फोटो लिहून दिला होता.

"तुम्ही बाहेर थांबा," संगीताबाई म्हणाल्या.

"का म्हून? सून माझी हाय. काय इचारायचं ते माझ्यासमोर इचार."

बाईंनी विचारलं. रविनानं तोंड उघडायच्या आत उत्तर सासूनं दिलं, "गेल्याच आठवड्यात बाहेरची झालती. चार दिस कोपऱ्यात बसून होती. भाकऱ्या मी थापल्या, भांडी मी घासली. आता काय सरपंचाचा दाखला आणू?"

डॉक्टरांनाही तिनं हेच सांगितलं होतं आणि याच हमीवर त्यांनी चिठ्ठी दिली होती. पण टेबलावर आडवी झालेली रविना पोटावरचे हात काही काढेना. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं.

"मी फोटो काढणार नाही. आधी लघवी तपासून आणा."

झालं! अंबूबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "फुकटचा पगार खाते! माझ्या घरातलं मला ठाव का तुला?" बाहेर बाकावर बसलेले पेशंटही तिचीच री ओढू लागले. आरडाओरडा ऐकून रविनाचा नवरा मंगेश आत घुसला.

"मॅडम, काढता का करू तक्रार?"

"कर. साहेब वरच्या मजल्यावर बसतात."

मंगेश बायकोवर खेकसला, "हात काढ गो! गप पडून ऱ्हा."

तशी रविना उठून बसली. "नका काढू फोटो. मी बाहेरची नवतेच. दोन महिने झालं, पाळी आली नाय."

"मग कोपऱ्यात कशाला बसलीस?" अंबूबाईनं विचारलं.

"चुलीपाशी उभं ऱ्हायलं का मळमळायचं. खरं सांगितलं असतं तर तुमी म्हणाला असता, आमी नाय का पोटुशी असताना भात लावला!"

नातवंडाच्या बातमीनं म्हातारी हरखली असेल म्हणता? छे!

"म्हणजे सटवे, माझ्याकडून फुकट भांडी घासून घेतलीस?"

संगीताबाईंनी चिठ्ठीवर दोन ओळी खरडल्या, डॉक्टरांकडे परत पाठवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. "घरं फोडते ही रांड," असं अख्ख्या बाकाला ऐकवून अंबूबाई निघाली. रविनानंही जाताना बाईंकडे वळून पाहिलं नाही. पोटातलं वाचलं होतं; पण घरात पाठ टेकायला तिच्या हक्काचा एक कोपरा होता, तो गेला होता.