विजयमालाबाईंचा कान

विजयमाला रणपिसे या बाईचं कौतुक ऐकून ऐकून मी विटलो होतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी, चौदा एप्रिलच्या मंडपात वडिलांबरोबर कर्णे जोडता जोडता शिकलेली विद्या, आणि कान म्हणे असा की स्पीकरची एक तार सैल असली तर उंबऱ्यातूनच सांगतात. सांगोत बापड्या! मी कसबा पेठेत तीस वर्षं अँप्लिफायर दुरुस्त करतोय, माझं कुणी कौतुक केलं? पुण्यात त्यासाठी आधी मरावं लागतं.

दर रविवारी सकाळी माझ्या दुकानात गाणं ऐकणारे चार-पाच जण जमायचे. आवाज कसा आहे हे तात्यारावांनी, म्हणजे मी, सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, अशी रीत होती. बाई यायला लागल्या आणि माना तिकडे वळल्या. हिंजवडीच्या कंपनीतला राकेश नवा अँप्लिफायर घेऊन आला आणि मलाच म्हणतो, "तात्या, मॅडम कधी येणार? त्यांचं ओपिनियन हवंय." माझ्याच दुकानात, माझाच चहा पीत! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात बाईंनी फ्यूजचं खूळ काढलं. परदेशात हौशी लोक आवाज सुधारावा म्हणून अँप्लिफायरच्या एका फ्यूजवर हजारो रुपये उधळतात. बाईंनी वडापावच्या पैशात एक आणला. काचेच्या जागी पांढरी चिनी माती, टोकांना चांदीचा मुलामा, अँपिअर तेवढेच. "आवाज जरा मोकळा होतो," म्हणाल्या. लगेच सगळ्यांना मोकळा वाटला. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, आणि तिथेच मी जळून खाक झालो.

"परीक्षा होऊन जाऊ दे," मी म्हणालो. "अँप्लिफायरकडे पाठ करून बसा सगळे. मी फ्यूज बदलतो, बाईंनी ओळखायचं."

आधी जुना काचेचा फ्यूज घालून गाणं लावलं. मग बंद केलं, झाकण उघडलं, खुडबुड केली आणि तोच जुना फ्यूज परत बसवला. नवा माझ्या मुठीत. गाणं पुन्हा सुरू केलं.

बाई बराच वेळ डोळे मिटून ऐकत होत्या. "तात्याराव, काही बदललेलं नाही. तोच आहे."

बाईंनी अचूक ओळखलं होतं. पण राकेश माझ्याकडे बघत होता. "अहो, बदललाय की!" मी ठणकावून सांगितलं. सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. "तुम्ही म्हणताय म्हणजे बदललाच असेल. माझाच कान चुकला," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या रविवारी यायच्या बंद झाल्या. कुणी विचारायला गेलं तर स्वतःच सांगायच्या, "तात्यारावांना विचारा." माना पुन्हा माझ्याकडे वळल्या. हेच तर हवं होतं मला!

दोनेक महिन्यांनी त्या एकट्याच दुकानात आल्या. "कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मशीन लावून तपासलं. म्हणाले, कान अगदी ठणठणीत आहेत." आणि मलाच विचारलं, "मग त्या दिवशी काय झालं असेल हो?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगायला तोंड उघडलंही होतं.

"वय, बाई," मी म्हणालो. "दुसरं काय?"