कादंबरीची बारा तारांची गिटार

दुकानदाराने गिटार काढली आणि दिली अपूर्वच्या हातात. वाजवणार होती कादंबरी.

कादंबरी सामंत पनवेलच्या एका विमा कार्यालयात नोकरी करते, आणि नोकरी लागायच्या आधीपासून गिटार वाजवते. लग्नाचे हॉल, उत्सवांचे मंडप, पळस्प्याच्या पुढची हॉटेलं, अपूर्वच्या ऑर्केस्ट्रात तिने कुठे वाजवलं नाही! त्याच्या नव्या गाण्याच्या सुरुवातीचा पीसही तिनेच बसवला होता, कुणाची तरी बारा तारांची गिटार मागून आणून. आता गाणं स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचं होतं, मग स्टेजवर. दोन्हीकडे चालेल अशी स्वतःची गिटार घ्यायला ती आली होती.

"ही काळी घे. बारीक आहे, व्हिडिओत मस्त दिसेल," अपूर्व म्हणाला.

तिने ती स्पीकरला जोडली. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज. मान इतकी अरुंद, की जोडीजोडीने लावलेल्या बारा तारा बोटांत अडकत होत्या. मग तिने कोपऱ्यातली साधी, रुंद मानेची गिटार मागितली. वायरीशिवाय छेडली, दुकान भरून गेलं. वायर लावली तरी तोच गोडवा. मुद्दाम स्पीकरच्या तोंडाशी उभी राहिली. तरी स्पीकर शिट्टीसारखा किंचाळला नाही.

"मॅडमना जड होईल, सर," दुकानदार अपूर्वला म्हणाला.

"मॅडम इथेच उभ्या आहेत. मला विचारा."

अपूर्व हसला. "अगं, आवाजाचं काय घेऊन बसलीस? स्टेजवर वायर लावायचीच नाहीये."

"म्हणजे?"

"ट्रॅक वाजेल. तू नुसता हात फिरवायचा. स्टुडिओतला तुझा पीस झालाय रेकॉर्ड, मुंबईहून एक जण बोलावला होता. सांगणारच होतो तुला."

कादंबरीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "मी बसवलेलं त्याने वाजवलं? आणि मी बाहुलीसारखी उभी राहू?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! इतकी वर्षं हळूच बोलले, म्हणून तुझी ही हिंमत झाली."

तिने साधी गिटार बांधून घेतली आणि त्याच्या गाडीत न बसता ती रिक्षाने घरी आली. गिटार मांडीवर आडवी. ऑर्केस्ट्रात ती परत गेली नाही.

अपूर्वचं गाणं बाहेर आलं, बऱ्यापैकी चाललं. कादंबरीचं नाव त्यात कुठेच नाही. आता ती शाळेत शिकवणाऱ्या वसुंधराच्या गाण्याला साथ करते, छोट्या कार्यक्रमांत, वायर लावून. तीच सुरुवात तिने स्वतःच्या हाताने, या गिटारीवर पुन्हा रेकॉर्ड केली, आणि कार्यक्रमांतही ती वाजवते.

परवा एका कार्यक्रमानंतर एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "अपूर्वसरांचा तो पीस हुबेहूब उचललात हो!"

"उचलला मी नाही, त्याने," कादंबरी इतक्या जोरात म्हणाली, की ते दोन पावलं मागे सरकले. वसुंधराने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.