वरातीसमोर ओसितो

आमच्या कुत्र्याचं नाव लेकीनं स्पॅनिशमधून आणलं. ती मोबाइलवर ती भाषा शिकत होती, तेव्हाच पिल्लू घरी आलं. ओसो म्हणजे अस्वल. ओसितो म्हणजे इवलंसं, लाडकं अस्वल. "शेवटी 'इतो' लावलं की लाड होतो, बाबा," तिनं मला समजावलं. पुढे ती नोकरीसाठी पुण्याला गेली, इवलंसं अस्वल वासराएवढं झालं, आणि ते नाव काही माझ्या जिभेवर बसलं नाही. आमच्या घराण्यात लाड म्हणजे "कुठी मेला होता बे?" मी त्याला नुसतं 'ए' म्हणायचो. तो माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत लग्नाला निघालेली वरात आली. फटाक्यांची लड लागली नि ओसितो फाटकातून पसार. लेक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती, आणि ती कोणासाठी येते याबद्दल माझा काही गैरसमज नव्हता.

सापडला तो नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीखाली. थरथरत होता.

"ए! निघ बाहेर!"

तो आणखी आत सरकला. गाडी हलवता येईना. बँड थांबला. फाटकाशी थांबलेल्या बायकोला मी फोन लावला.

"नावानं बलावा नं त्याले! पोरगी बलावते तसं, लाडानं."

"अगं, इथं अख्खी वरात उभी आहे!"

"मंग? वरात तुमची थोडीच आहे!"

वऱ्हाडी हसले, तेव्हा कळलं, फोन स्पीकरवर होता.

"काका, मुहूर्त टळून राहिला," काचेतून नवरदेव कळवळला.

मी नव्या स्वेटरसकट रस्त्यावर आडवा झालो. "ओसितो... ये नं रे माझ्या बाळा." लेक लहान असताना इंजेक्शनच्या वेळी काढलेला आवाज, इतक्या वर्षांनी निघाला. आधी नाक आलं, मग पंजा, मग अख्खं अस्वल माझ्या छातीवर. टाळ्या पडल्या.

फोनवरून बायको म्हणाली, "हा आवाज आपल्या घरी होता काय जी? मले तं कधी ऐकू नाही आला."

सगळ्यांत जास्त नवरदेव हसला. "हासून घे बाबू," मी म्हटलं, "तुझीही वरात निघालीच आहे."

सकाळी लेक दारात, ओसितोचे पुढचे पंजे तिच्या खांद्यावर. "ओसितो, हळू रे, पाडशील तिला," माझ्या तोंडून निघून गेलं. लेक माझ्याकडे बघतच राहिली.

आत पोह्यांच्या कढईवर बायकोचा झारा दोनदा जोरात वाजला.