टेकडीवरची गुरं आणि आमचे रविवार

कर्नाळ्याकडच्या एका टेकडीवर आम्ही चार वर्षं दर रविवारी झाडं लावायला जातोय. झाडं किती जगली विचारलंत तर मी विषय बदलते. किस्से मात्र जोमानं वाढलेत.

खालच्या जमिनी बिल्डरांना गेल्या, नांगर सुटला आणि गुरं मोकाट झाली. ती जंगलात चढली. रोपं खायची, खुरांनी उतार उकरायची आणि पावसात माती थेट झऱ्यात. पहिल्या रविवारी आम्ही रोपं घेऊन पोचलो, तेव्हा वाडीतल्या बुधीबाईंनी झऱ्याच्या पाण्याचा हंडा समोर ठेवला. तळाशी चार बोटं गाळ. म्हणाल्या, "झाडां मंग लावा. आदी माती थांबवा." आम्ही निमूट दगड रचायला घेतले.

*

मग कुंपण. पनवेलात हार्डवेअरचं दुकान असलेल्या सलीमभाईंनी तार, खांब दिले आणि स्वतः उभं राहून ठोकून घेतले. पुढच्या रविवारी पाहतो तर सात गुरं आत. ती कारवीच्या झुडपांत बसली होती आणि आम्ही त्यांच्याभोवतीच कुंपण घातलं होतं. आत झरा, आत चारा, सगळी खूश. सलीमभाईंनी तार ओढून पाहिली. "ताई, माल मजबूत आहे, एवढं तर मानाल?"

*

तळोज्याच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या कुलकर्णी सरांनी एकदा स्पीकरवर वाघाची डरकाळी लावली. गुरांचं रवंथ चालूच. अर्ध्या तासानं फॉरेस्ट गार्ड धापा टाकत वर आला आणि वाघ कुठे दिसला म्हणून विचारू लागला. सरांनी खिशातून मोबाइल काढून दाखवला.

*

पाणी मुरवायला खणलेल्या चरात एक गाय अडकली. दोरखंड, फळ्या, बारा माणसं, अख्खी दुपार. गाय सुखरूप निघाली. चार वर्षांत सर्वांत जास्त रोपं त्या दुपारी तुडवली गेली, सगळी आमच्या बुटांखाली.

*

शेवटी एका गोशाळेनं गुरं न्यायचं कबूल केलं. टेम्पो पायथ्याशी आला, पण गुरं हलेनात. आमच्यातले दामूकाका तिथलेच शेतकरी, जमीन, बैलगाडी विकून आता नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी काठी टाकली आणि हळूच हाक मारली, "बांड्या."

एक म्हातारा बैल वळला, चालत आला आणि त्यांचा शर्ट हुंगू लागला. त्याच्यामागून बाकीची उतरली. इतर गुरं टेम्पोत चढली. बांड्याला मात्र काका हायवेच्या कडेकडेनं चालवत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन आला, काकांना समजवा म्हणून. मी गेले. पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये बांड्या बांधलेला, पुढ्यात पेंढा. ही जागा गाडीसाठी आहे, असं सेक्रेटरी परोपरीनं सांगत होते.

काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "मंग यो काय हाय?"