न्हाणीमागची तुती

परसात उकिडवे बसलेले आप्पा डोळ्यांपुढून हलत नाहीत. वाकलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसतो, असं वनखात्याची माणसं गावात सांगून गेली आहेत. आणि माझे सासरे सयाजीआप्पा, वय चौऱ्याहत्तर, दिवेलागणीला तुतीच्या बुडाशी तसेच बसतात, हे मला आज कळलं.

महाळुंगे पडवळला ते एकटे राहतात; आम्ही नोकऱ्यांमुळे मंचरला. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, श्रेयाला, तुतीचं वेड लागलं म्हणून मी रोपवाटिकेतून लांब फळाच्या जातीचं एक रोप नेलं. अंगणात एकच झाड वाढवायचं, खालून मोकळं. आप्पांनी ते फिरवून पाहिलं.

"याला वाढ न्हाई, आरती. कळंबच्या रेशीमवाल्याकडं बघ, तीन महिन्यांत तुती माणसाच्या वर."

"ती पाल्याची जात, आप्पा. अळ्यांना घालतात."

"मंग? पाल्याला काय फळाचं वावडं हाय?"

जन्मभर ऊस आणि कांदा केलेला माणूस. मोकळी जमीन दिसली की हात शिवशिवतात. माझं रोप कोपऱ्यात गेलं. कळंबहून आणलेल्या साठ कांड्या त्यांनी न्हाणीमागे दोरी धरून दीड-दीड फुटावर लावल्या. घरची बाग कसली, पीकच ते. नुसता पाला, फळं थोडी, तीही आत शिरून शोधायची.

मला तेव्हा हसू यायचं. पण गेल्या महिन्यात शेजारचा ऊस तुटला, रान उघडं पडलं, आणि बिबट्याला दाट आडोसा म्हणून उरली ती आमची तुती. शेजारच्या कुशाबाईंनी न्हाणीमागे पावलं पाहिली.

"कुत्र्याची असतील," आप्पा म्हणाले. "आन् बिबट्याच असला तर पावणा हाय. चा पाजू."

मी वाद घातला नाही. श्रेयाला दर रविवारी आप्पांकडे पाठवायचे, ते तेवढं बंद केलं. एका रविवारी सर्दी सांगितली, पुढच्या रविवारी परीक्षा. आप्पा नुसतं "बरं" म्हणाले.

आज दूधवाल्याबरोबर स्टीलचा डबा आला. आत दोन ओंजळी तुती. मागोमाग आप्पांचा फोन.

"पोरीला यायला जमंना, म्हणलं आपणच तोडून धाडावी. दिवसा ऊन लई. सांजच्याला बुडाशी बसतो तासभर. उद्या आनखी धाडतो."

श्रेयाने डबा चाटूनपुसून संपवला. माझ्या थापांनीच त्यांना त्या पाल्यात नेऊन बसवलं. मी खरं बोलले असते तर आप्पा रागावले असते, मला भित्री म्हणाले असते, चार दिवस बोलले नसते. एवढंच.

ते पहाटे पाचला उठतात. तेव्हाच फोन करायचा. श्रेयाला सर्दी नव्हती, परीक्षाही नव्हती, हे आधी सांगायचं. मग सांगायचं की तुती बुडापासून छाटल्याशिवाय मी तिला पाठवणार नाही.