तेजस्विनी मॅडमचा अर्धा तास

तेजस्विनीचा जन्म नेपानगरचा. वडील काशिनाथ कागद कारखान्यात मशीनवर होते. कारखान्याच्या क्वार्टरांमागच्या मैदानावर ती खो-खो खेळायला शिकली आणि खेळता खेळता राज्याच्या संघापर्यंत पोचली. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "सैपाक येते का?" तिनं सांगितलं, "येतो, पण पळणं जास्त चांगलं येतं." मथुराबाई हसल्या होत्या आणि तिथूनच दोघींचं जमलं.

पुढं वीस वर्षं ती लालबागकडच्या मुलींच्या शाळेत पीटीची मॅडम होती. सकाळी सातला मैदानावर हजर. उशिरा येणारी मुलगी तिला लांबूनच चालीवरून ओळखू यायची. तिच्या हाताखालून गेलेल्या चार मुली पोलिसात होत्या, एक रेल्वेत, आणि बाकीच्या संसारात पडूनही बसमागे बिनदिक्कत धावू शकत होत्या.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिचे हात सुजले. सकाळी उठल्यावर मूठ वळेना, टूथपेस्टचं झाकण उघडेना. गावातल्या औषधांत सहा महिने गेले. शेवटी नवरा प्रशांत तिला इंदूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आमवाताचं निदान केलं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते, असा हा आजार. औषधं सुरू झाली. चार महिन्यांत सूज उतरली, मूठ वळू लागली, रिपोर्ट सुधारले. घरात पेढे वाटले गेले.

थकवा मात्र गेला नाही.

हा थकवा तिच्या ओळखीचा नव्हता. खेळून येणारा थकवा ती लहानपणापासून जाणून होती. आंघोळ केली, पोटभर जेवलं, गाढ झोपलं की तो जायचा. हा आठ तास झोपून उठल्यावरही अंगावर तसाच. केस विंचरता विंचरता हात खाली यायचा. आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं. चेहरा ठीक, वजन ठीक. शेजारणी म्हणायच्या, "आता तर एकदम बरी दिसतेस!"

जुलैच्या शेवटी एका सकाळी ती मैदानावर फक्की मारत होती. चुन्याची पांढरी रेघ अर्ध्यावर आली आणि तिचे पाय संपले. ती तिथंच मातीत बसली. मुली धावत आल्या.

"मॅडम, क्या हुआ? पानी लाऊँ?"

"कुछ नहीं. लाइन सीधी है क्या, देख रही हूँ."

पंचवीस मिनिटं ती लाइन बघत बसली. मुलींना कळायचं ते कळलं.

दुपारी मुख्याध्यापिका अर्चना मॅडमनी तिला बोलावून घेतलं. बाई मायाळू होत्या. म्हणाल्या, "तेजस्विनी, लायब्ररी रिकामी आहे. खुर्ची आहे, पंखा आहे. मी वर लिहून कळवते, तू काळजी करू नको."

"मॅडम, मला दिवाळीपर्यंत वेळ द्या," तेजस्विनी म्हणाली. "दिवाळीनंतरही मी मैदानात बसलेली दिसले तर लायब्ररीची चावी मी स्वतः मागून घेईन."

इंदूरच्या पुढच्या फेरीत तिनं डॉक्टरांना सरळ विचारलं, "सूज गेली, मग हा थकवा का जात नाही?"

"औषध त्याचं काम करतंय," डॉक्टर म्हणाले. "थकव्यासाठी तुम्हाला हलका व्यायाम करावा लागेल. नेमानं."

"सर, मी व्यायामच शिकवते."

"म्हणूनच तुम्हाला जड जाणार आहे," असं म्हणून त्यांनी एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. सायली नावाची एक फिजिओथेरपिस्ट सांधेदुखीच्या रुग्णांसाठी मोबाइलवरून वर्ग घ्यायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाचला, अर्धा तास.

पहिल्या सोमवारी तेजस्विनीनं मोबाइल तिखटमिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि समोर खुर्ची ओढली. पडद्यावर नऊ चौकोन, नऊ चेहरे. सायली जेमतेम अठ्ठावीसची, आवाज शांत. तिनं प्रत्येकाला विचारलं, "आजचा थकवा दहापैकी किती?" कुणी सात म्हणालं, कुणी पाच. तेजस्विनी म्हणाली, "तीन." खरं तर आठ होता.

मग टाचा उचलणं, खांदे फिरवणं, बसल्या जागी पावलं टाकणं, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठून परत बसणं. तेही फक्त पाच वेळा. दारातून मथुराबाई बघत होत्या.

"काय वं तेजू, खुर्चीवर बसून का कुठी व्यायाम होते?"

"तेच तर, आई!" तेजस्विनी म्हणाली.

वर्ग संपल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि चोवीस सूर्यनमस्कार घातले. वर दोरीवरच्या उड्या. मनाला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. प्रशांतनं खिचडी टाकली, शाळेत फोन केला आणि तिच्या उशाशी बसून म्हणाला, "तेजू, हा व्यायाम तुला मानवत नाही. सोडून दे."

बुधवारच्या वर्गात ती दिसली नाही म्हणून सायलीचा फोन आला. तेजस्विनीनं काही लपवलं नाही. सूर्यनमस्कारही सांगितले, उड्याही.

सायली रागावली नाही. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? टायफॉइडमधून उठलेली मुलगी मैदानावर आली तर पहिल्या दिवशी तुम्ही तिला किती पळवता?"

"पहिल्या दिवशी? छे! पळवतच नाही. चालायला लावते. दोन चकरा, बस."

"आणि ती म्हणाली, मॅडम मी ठणठणीत आहे, मला पूर्ण डाव खेळू द्या?"

"कान धरून बसवीन."

फोन कानाला लावून पडल्या पडल्या तेजस्विनीला एकदम हसू फुटलं. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या अंगातली ताकद अचूक जोखत आली होती. कोणाला कधी पळवायचं, कोणाला कधी बसवायचं, हेच तर तिचं कसब. स्वतःच्या बाबतीत मात्र ती अगदी अडाण्यासारखी वागली होती.

"सायली मॅडम," ती म्हणाली, "परवाच्या वर्गात मी खरा आकडा सांगते."

संघातल्या मुलींसाठी ती जसा सरावाचा तक्ता करायची, तसा तिनं स्वतःचा केला आणि फ्रिजवर चिकटवला. पहिले दोन आठवडे उठबस पाचच, अंगात जोर वाटला तरी पाचच. सायलीची एक खूण तिला फार पटली: व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, बोलतानाच धाप लागली की आपण जास्त करतोय. थकव्याच्या दिवशी व्यायाम निम्मा करायचा, बंद करायचा नाही. आणि बऱ्या दिवशी उरलेली सगळी कामं उरकायला जायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत कठीण. बरं वाटलं की तिचा हात आधी माळ्यावरच्या डब्यांकडं जायचा. मग मथुराबाई ओरडायच्या, "तक्ता पाह्य आधी!"

कारण तोवर मथुराबाईही सामील झाल्या होत्या. आधी दारातून, मग बाजूच्या खुर्चीवरून, पडद्यावर दिसणार नाहीत अशा बेतानं. एका शुक्रवारी त्यांचा हात वर झाला आणि चौकोनात घुसला.

"तेजस्विनी मॅडम, तुम्हाला तिसरा हात आलाय का?" सायलीनं विचारलं.

"सासूबाई आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या."

"मले काई आजार नाई बरं," मथुराबाई पुढं झुकून मोबाइलला म्हणाल्या. "मी सोबत म्हणून बसते."

सहाव्या आठवड्यात उठबस दहावर गेली. थकवा काही नाहीसा झाला नाही, पण आठावरून पाचावर आला. कधी चारावर. मुख्य म्हणजे आता तो सांगून येऊ लागला. येणार कधी, किती येणार, याचा अंदाज तिला बांधता येऊ लागला, आणि अंदाज आला की डाव आखणं हे तर तिचं रोजचंच काम.

ऑक्टोबरात जिल्ह्याची खो-खो स्पर्धा तिच्याच शाळेच्या मैदानावर ठरली. दोन दिवस, आठ संघ. अर्चना मॅडम काळजीत पडल्या. "कोणाला तरी इनचार्ज करू या का?"

"इनचार्ज मीच," तेजस्विनी म्हणाली. "फक्त कोणतं काम कोणी करायचं ते मी ठरवीन."

तिनं ठरवलं ते असं. मैदान आखणं आणि पाहुण्या संघांची व्यवस्था दहावीच्या मुलींकडं. गुणलेखन गणिताच्या सरांकडं. स्वतः ती आपल्या संघाच्या डावाला तेवढी उभी राहणार, बाकी वेळ मैदानाच्या कडेला खुर्चीवर. दुपारी एक ते दोन मागच्या वर्गात पाठ टेकणार, त्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही.

दुसऱ्या एका शाळेचे यादव सर तिचे जुने प्रतिस्पर्धी. तिला खुर्चीत बघून ते थबकले. "अरे मॅडम, आप और कुर्सी पे?"

"हां सर. आमवात है. बैठ के भी आपकी टीम की गलतियाँ दिखती हैं, खड़े होने की ज़रूरत नहीं."

यादव सर मोठ्यांदा हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा कडेच्या कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची आधीच मांडलेली होती. ती यादव सरांनी मांडल्याचं मुलींनी सांगितलं. अंतिम सामना यादव सरांच्याच संघाशी झाला. तेजस्विनीच्या संघातली सोनाली शेवटच्या डावात तीन मिनिटं हाती लागली नाही, आणि तिच्या संघानं दोन गुणांनी सामना जिंकला. मुलींनी मॅडमला उचलायचा बेत केला होता. तिनं हात जोडले. "उचलू नका ग, खांदे दुखतील. खांदे सोडून कुठंही हात लावा."

त्या गर्दीत भिंतीला टेकून एक बाई बसली होती. लेक जिंकली तरी ती उठली नव्हती. ती सोनालीची आई शांता, डोईफोडिया गावाहून आलेली. सोनाली शिकायला मावशीकडं बुऱ्हाणपुरात राहायची. तेजस्विनी भेटायला गेली आणि तिची नजर शांताच्या हातांवर गेली. बोटांची मुळं सुजलेली, मनगट कपड्यात गुंडाळलेलं.

"सकाळी मूठ वळते?"

शांता चपापली. "नाई वळत. अन् मॅडम, आंगात जीवच नाई वाटत. सासरचे म्हंतात आळशी झाली."

"मलाही कित्येक महिने असंच व्हायचं," तेजस्विनी तिच्याशेजारी जमिनीवर बसत म्हणाली. "तुम्ही आळशी नाही. पण आधी डॉक्टर, मग बाकीचं."

शांताची तपासणी झाली, तिलाही आमवातच निघाला, औषधं सुरू झाली, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ती वर्गात आली. घरात नेटवर्क मिळायचं नाही, म्हणून खुर्ची गच्चीवर. अडचण वेगळीच निघाली. बाकीच्यांसाठी सायली वर्गात बहुतेक सूचना हिंदीत द्यायची; ती इंदुरी हिंदी भराभर जायची, तिच्यात इंग्रजी शब्द. शांता मागं पडायची आणि लाजून कॅमेरा बंद करायची. मग तेजस्विनी वर्ग झाल्यावर तिला फोन लावून आपल्या बोलीत सगळं पुन्हा सांगू लागली.

हे सायलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या भागातल्या बायकांचा एक वर्ग तुम्हीच घ्या ना."

सहा महिन्यांपूर्वीची तेजस्विनी लगेच हो म्हणाली असती. आताची म्हणाली, "घेते. पण आधी दोन महिने मला शिकवा. खेळाडूला पळवणं वेगळं, आजारी सांध्याला हलवणं वेगळं. आणि पहिले काही वर्ग तुम्ही समोर बसून बघायचे."

दिवाळी होऊन गेली. अर्चना मॅडमनी लायब्ररीचा विषय परत काढला नाही, आणि एका नव्या सरांनी तिथला चार्ज घेतला.

संक्रांतीनंतर शनिवारचा वर्ग सुरू झाला. नेपानगरच्या दोघी, देडतलाईची एक, शांता, शहरातल्या तिघी आणि मथुराबाई. पहिल्या शनिवारी शांताच्या सासूबाई डोक्यावर गाठोडं घेऊन गच्चीवर आल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "हे काय चाललं? असे हात तं आमी बी हालवतो."

"मग बसा ना, मावशी," तेजस्विनी म्हणाली. "पण आधी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवा. टाचा जमिनीला. पाठ सरळ. आणि आज तुमच्या सुनेला पाचच उठबशा, ती सहावी करायला लागली तर मला सांगा."

म्हातारी गाठोडं ठेवून पायरीवर बसली आणि सुनेकडं डोळे लावून मोजू लागली.

अर्ध्या तासानं वर्ग संपला. तेजस्विनीनं सगळ्यांना हात केला, मोबाइल बंद केला आणि खोलीत जाऊन आडवी झाली. वीस मिनिटं. प्रशांतनं बाहेर चहाचं आधण चढवायला घेतलं, मग घड्याळ पाहून गॅस बंद केला. तिच्या उठायला अजून वेळ होता.